क्षिप्रा का आटली? इंदूर परिसरातलं पाणलोट समजून घेताना : कुठलं पाणी कुठे जातं, किती मुरतं आणि हिशेब कुठे चुकतो

उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. बऱ्हाणपूर, खंडवा, जळगाव, धुळे भागातून आपली माणसं रेल्वेने, एसटीने, मिळेल त्या गाडीने तिकडे जातील आणि रामघाटावर क्षिप्रेत डुबकी मारतील. त्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल की पायाशी असलेलं पाणी बहुतांशी नर्मदेचं असतं. नर्मदा तिथून पार खाली, विंध्याच्या दक्षिणेला वाहते. ओंकारेश्वर प्रकल्पाच्या सिसलिया तलावातून पंपाने पाणी सुमारे ३५० मीटर वर चढवायचं, सुमारे ४७ किलोमीटर पाइपातून आणायचं आणि इंदूरजवळच्या उज्जैनी गावी, क्षिप्रेच्या उगमापाशी सोडायचं, अशी ही नर्मदा-क्षिप्रा जोड योजना. भूमिपूजन नोव्हेंबर २०१२ मध्ये झालं, पाणी २०१४ मध्ये पोचलं, खर्च ४३२ कोटी. क्षमता सेकंदाला ५ घनमीटर, म्हणजे पाच हजार लिटर.

मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे आधी बिलाचा विचार येतो. एक हजार लिटर पाणी ३५० मीटर उचलायला, पंपात आणि पाइपात काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी, जवळपास एक युनिट वीज लागते. योजना पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालवली तर दिवसाला चार लाखांहून जास्त युनिट. नदीला स्वतःचं पाणी असतं तर हे बिल आलंच नसतं. मग स्वतःचं पाणी गेलं कुठे? त्यासाठी 'पाणलोट' हा शब्द नीट कळायला हवा. तो सरकारी फलकांवर इतका रंगवला गेलाय की लोक आता तो वाचतसुद्धा नाहीत.

पाणलोट म्हणजे नेमकं काय

घराच्या कौलांचं उदाहरण घ्या. आढ्यावर पडलेला पाऊस दोन बाजूंना वाटला जातो. पुढच्या उताराचं पाणी अंगणात, मागच्याचं परसात. आढं म्हणजे जलविभाजक रेषा आणि अंगणातल्या पन्हाळीखाली जेवढं पाणी येतं तेवढ्या कौलांचं क्षेत्र म्हणजे त्या पन्हाळीचं पाणलोट. ओढ्याचं, नाल्याचं, नदीचं तसंच. तुमच्या गावच्या ओढ्यावर पुलापाशी उभे राहिलात तर त्या पुलाखालून जे पाणी जाणार ते जिथून जिथून येतं ती सगळी जमीन, मग ती कुणाच्याही मालकीची असो, कुठल्याही ग्रामपंचायतीत असो, त्या जागेचं पाणलोट. तहसिलीच्या हद्दीशी त्याचा काही संबंध नाही, राज्याच्या हद्दीशी तर नाहीच. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि पुढे बऱ्हाणपूर, भुसावळ असं करत गुजरातला जाते, तेव्हा आपल्या भागातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

शब्दांचा एक घोळ मात्र निस्तरायला हवा, कारण दोन्हीकडच्या कागदांत नावं वेगळी आहेत. महाराष्ट्रात 'पाणलोट क्षेत्र' म्हणतात, मध्य प्रदेशच्या कागदावर ते 'जलग्रहण क्षेत्र' किंवा सरळ 'वॉटरशेड' असतं. आपला सिमेंट नाला बांध म्हणजे तिकडचा 'स्टॉप डॅम'. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा म्हणजे 'बोरी बंधान'. शेततळं म्हणजे 'खेत तालाब', बांध-बंदिस्ती म्हणजे 'मेड बंधान', गायरान म्हणजे 'चरनोई' आणि तलाठ्याच्या जागी पटवारी. एवढं लक्षात ठेवलं तर पंचायत सचिवाने पुढे केलेला कागद वाचता येतो.

महूचं आढं

इंदूर जिल्ह्याचं आढं आहे महूच्या दक्षिणेला. माळव्याचं पठार उत्तरेकडे अलगद उतरतं आणि दक्षिणेकडे विंध्याच्या कड्यावरून धाडकन नर्मदेच्या खोऱ्यात कोसळतं. या कडेलाच जानापावचा डोंगर, साडेआठशे मीटरच्या आसपास उंच. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक मानतात, कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते. साडेसात नद्या इथून निघतात असं तिथले लोक सांगतात. अर्धी नदी कुठली यावर प्रत्येकाचं मत वेगळं, तो वाद त्यांच्यावर सोडूया. महत्त्वाचं हे की चंबळ इथली आणि गंभीरही याच परिसरातली. चंबळ उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते, पुढे गंगा, पुढे बंगालचा उपसागर. त्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाचं पाणी कारम आणि चोरल या नद्यांतून नर्मदेला, म्हणजे अरबी समुद्राला. महू तहसिलीतल्या एखाद्या शेतात बांधाच्या या बाजूचा थेंब आणि त्या बाजूचा थेंब यांच्यात शेवटी अख्खा देश येतो.

चोरल नदीवरचा पातालपाणी धबधबा अनेकांनी पाहिला असेल. जुलै २०११ मध्ये तिथे सहलीला आलेले लोक अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेले, त्याचं चित्रीकरण देशभर दाखवलं गेलं. पाणलोट न कळल्याची ही सर्वांत क्रूर शिकवणी. धबधब्यावर पाऊस नसला तरी वरच्या पाणलोटात तो झालेला असू शकतो आणि ते पाणी यायला लागणारा वेळ काही मिनिटांचा असू शकतो. कारमचंही तसंच. धार जिल्ह्यात तिच्यावर बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली, खालची गावं रातोरात रिकामी करावी लागली आणि शेवटी बाजूने चर खोदून पाणी सोडून दिलं.

क्षिप्रेचा उगम इंदूरच्या आग्नेयेला, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरच्या आतच. तिथून ती देवास, उज्जैन करत साधारण १९५ किलोमीटरनंतर चंबळला मिळते. तिच्या वाटेत उज्जैनच्या आधी त्रिवेणीपाशी कान्ह नदी येते, जी इंदूर शहराच्या मधोमध वाहत, सरस्वतीला कृष्णपुरा छत्रीजवळ पोटात घेऊन, सांवेरच्या शेतांमधून पुढे जाते. गंभीर पश्चिमेकडून येते. तिच्यावर होळकरांच्या काळात, १९३०च्या दशकात, यशवंत सागर बांधला गेला. इंदूरला त्यातून पाणी मिळायचं, अजूनही थोडं मिळतं. यशवंत सागर आणि शहरालगतचा सिरपूर तलाव ही दोन्ही ठिकाणं २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. पुढे त्याच गंभीरवर उज्जैनसाठी आणखी एक धरण आहे. म्हणजे महूच्या शेतकऱ्याने आडवलेला ओढा, इंदूरचा तलाव आणि उज्जैनचा नळ हे एकाच दोरीला बांधलेले.

वर काळी माती, खाली पाषाण

आपल्याकडे रावेर-यावलला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि गाळ यांचा जाड थर आहे. तिथे पाणी सोडलं तर ते चाळणीतून गेल्यासारखं खाली उतरतं. म्हणूनच तापी मेगा रिचार्ज योजनेची इतकी वर्षं चर्चा आहे आणि १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी त्यासाठी करार केला. बऱ्हाणपुरात तर १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, याच झिरप्यावर कुंडी भंडाऱ्याची भुयारं खणली गेली आणि ती आजही पाणी देतात.

माळव्याची गोष्ट वेगळी आहे. वर काळी माती, काही ठिकाणी पुरुषभर खोल. ती फुगली की पाणी आत घेत नाही, तापली की हातभर भेगा पडतात. तिच्याखाली मुरूम, म्हणजे कुजलेला बेसॉल्ट, आणि त्याखाली अखंड काळा पाषाण. जुन्या विहिरींचं पाणी या मुरमातलं. ही टाकी उथळ आहे पण दर पावसाळ्यात भरते. खालच्या पाषाणात पाणी फक्त भेगांमध्ये, तेही शेकडो फुटांवर, आणि ते तिथे जमायला किती काळ लागला असेल याचा अंदाज बांधणं कठीण. उथळ टाकी म्हणजे चालू खातं आणि खोल बोअर म्हणजे आजोबांनी ठेवलेली मुदतठेव. दोन्हींतून पैसे निघतात, म्हणून दोन्ही सारखीच वाटतात.

माळव्याची ख्याती पावलोपावली पाण्याची होती. ही ख्याती खोटी नव्हती, पण तिच्यामागे एक पीकपद्धती होती. पूर्वी काळ्या रानात पावसाळ्यात जमीन बरीचशी पडीक ठेवायचे, मातीत ओल साठू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा यायचा. पाणी कमी लागायचं, कारण माती हेच धरण होतं. १९७०-८०च्या दशकांत सोयाबीन आलं. १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदूरलाच सुरू झालं. पावसाळ्यातली पडीक जमीन पिकाखाली आली, हातात रोख पैसा आला. माळव्यातल्या अनेक गावांत पहिली पक्की घरं सोयाबीनच्या पैशाने उभी राहिली आणि त्याला नावं ठेवण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या कुणालाही नाही. पण त्याच पैशातून बोअर झाले, बोअरवर भरपूर पाण्याचा गहू आला, मग बटाटा, लसूण. शेजारच्या देवासची अवस्था १९९०मध्ये अशी झाली की इंदूरहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. महाराष्ट्राने मिरज ते लातूर पाण्याची रेल्वे एप्रिल २०१६ मध्ये पाहिली. देवासने ती पंचवीस वर्षं आधी पाहिली होती.

केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात इंदूर जिल्हा आज अतिउपसा होणाऱ्या जिल्ह्यांत गणला जातो. २०२५च्या उन्हाळ्यात जिल्हा प्रशासनाने नव्या बोअरवर बंदी घातली होती. बंदी पावसाळ्यापर्यंत असते. उपसा बारा महिने असतो.

एका गावाचा ताळेबंद

आता आकडेमोड. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून वाचावं, पण खरं सांगायचं तर सगळा विषय इथेच आहे.

समजा सांवेर किंवा देपालपूर भागातलं एक गाव. शिवार १,००० हेक्टर (माळव्यातले साधारण ४,००० बिघे), लोकसंख्या २,०००. इंदूर भागात वर्षाला ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आपण ९०० धरू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. त्या हिशेबाने गावावर वर्षाला ९०० कोटी लिटर पाणी पडतं. दोन हजार माणसांना रोज ५५ लिटर दिले तर वर्षाची गरज ४ कोटी लिटर. नऊशे कोटी जमा, चार कोटी खर्च! कागदावर तरी गावाला पाण्याची चिंता असायचं कारण नाही. पण या ९०० कोटींतला मोठा भाग मातीची ओल, झाडं-पिकं आणि ऊन घेऊन जातं, बराचसा ओढ्याने वाहून जातो. बेसॉल्टच्या मुलुखात जमिनीत खोल मुरणारं पाणी पावसाच्या दहा टक्क्यांच्या आत-बाहेरच असतं. दहा टक्के धरले तर विहिरीत येणारी जमा ९० कोटी लिटर.

खर्चाची बाजू. गव्हाला पाच पाळ्या आणि प्रत्येक पाळी सहा सेंटिमीटरची धरली तर हेक्टरी ३० लाख लिटर. गावाने ५०० हेक्टरवर गहू केला तर १५० कोटी लिटर. जमा ९०, खर्च १५०. वरचे ६० कोटी कुठून येणार? मुदतठेव मोडून. आता त्याच ५०० हेक्टरांपैकी २५० वर गहू (७५ कोटी) आणि २५० वर एका पाळीचा हरभरा (१५ कोटी) केला तर खर्च ९०. हिशेब जुळला, फक्त पिण्याचे चार कोटी आणि गुराढोरांचं पाणी अजून शिल्लक आहे. तेवढ्यासाठी पाणलोटाची कामं करून मुरणारं पाणी दोन-तीन टक्के वाढवायचं. चर खणण्याने आणि बांध घालण्याने साधायचं ते एवढंच. लोकांना वाटतं बंधारा बांधला की गहू दुप्पट करता येईल. बंधाऱ्याने जमा थोडी वाढते. खर्चाचा निर्णय बंधारा घेत नाही, तो गावाला घ्यावा लागतो.

माथा ते पायथा

कामांचा क्रम एकच, आणि तो उलटा केला की पैसा मातीत जातो. आधी माथा. डोंगरउतारावर समतल चर, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, गवत. मग मधला टप्पा, घळींमध्ये दगडी बांध, गॅबियन. मग शेतांची बांध-बंदिस्ती. सगळ्यात शेवटी नाल्यावरचे बंधारे आणि तळी. वरच्या उतारावर काही न करता खाली बंधारा बांधला तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. तरीही बहुतेक ठिकाणी सुरुवात बंधाऱ्यानेच होते, कारण बंधाऱ्याचं उद्घाटन करता येतं. गवताला फीत कशी बांधणार?

हा क्रम महाराष्ट्राला तसा पाठ आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले. हिवरे बाजार पुढे आदर्श गाव योजनेतून उभं राहिलं. मध्य प्रदेशात १९९४ मध्ये राजीव गांधी पाणलोट मिशन सुरू झालं आणि झाबुआच्या उघड्या टेकड्यांवर त्याचं काम बरंच गाजलं. देवास जिल्ह्यात बागलीच्या आदिवासी भागात समाज प्रगती सहयोग ही संस्था १९९०च्या दशकापासून याच कामात आहे.

पण महाराष्ट्राचा नकाशा जसाच्या तसा माळव्यावर ठेवून चालत नाही. हिवरे बाजारला पाऊस इंदूरच्या निम्म्याहून कमी, जमीन हलकी. माळव्याच्या खोल काळ्या रानात चर खणून पाणी अडवलं तर ते मुरत नाही, तुंबतं आणि सोयाबीनची मुळं सडतात. इथे शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर काढायचं असतं, पण सावकाश, माती न घेता. म्हणून रुंद सरी-वरंब्यावर पेरणी, बांधाला दगडी सांडवा आणि सांडव्याचं पाणी थेट तळ्यात.

तळ्याचा प्रयोग देवासने २००६ पासून केला. टोंकखुर्द भागातल्या मोठ्या शेतकऱ्यांना तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी पटवलं की आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. नाव दिलं 'रेवा सागर'. पहिल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने, कर्ज काढून तळी खणली, पुढे राज्याची बलराम तालाब योजना आली आणि हजारो तळी झाली. काळी माती इथे उपयोगी पडली. ती पाणी सहजासहजी खाली सोडत नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या कागदाचा खर्च नाही. एक एकराचं तीन मीटर खोल तळं घ्या. बाजूंचा उतार आणि उन्हाने उडणारं पाणी वजा केलं तर ८० लाख लिटरच्या आसपास हाती लागतं. चार पाळ्यांचा गहू तेवढ्यात आठ एकर निघतो. दहा एकरवाल्याने एक एकर दिला आणि उरलेल्या नऊपैकी आठ एकर बोअरशिवाय भिजवले, हा व्यवहार कुठल्याही वहीत नफ्यातच दिसेल.

मात्र तळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं पाहिजे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेततळ्यात प्लास्टिक अंथरून ते बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी विजेने वर काढून उन्हात वाळत घालायचं, आणि यावर अनुदान! याला पाणलोट विकास म्हणू नये.

ज्याच्याकडे दोन बिघे आहेत त्याचं काय, हा प्रश्न या सगळ्यात मागे पडतो. त्याला तळ्यासाठी जमीन सोडणं परवडत नाही, आणि त्याची विहीर शेजाऱ्याच्या नव्या बोअरने पहिली आटते. त्याच्यासाठी सार्वजनिक तलाव, नाल्यावरचा बंधारा आणि चरनोई हाच आधार, आणि चरनोईचं क्षेत्र तर घटत आलंय. नायगावच्या पाणी पंचायतीने म्हणूनच पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला होता, माणशी अर्धा एकर भिजेल इतका, आणि भूमिहीनांचाही हक्क धरला होता. उसाला मनाई होती. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी बंद केली आणि दरवर्षी पाऊस मोजून, ताळेबंद मांडून रब्बीचं पीक ठरवायची पद्धत लावली. चर तर हजारो गावांत खणले गेले. हा नियम फार थोड्यांनी केला.

खालच्यांचं काय?

वरच्या गावांनी सगळं पाणी अडवलं तर खालचा यशवंत सागर कसा भरेल, हा प्रश्न विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. जमिनीत मुरलेलं पाणी काही प्रमाणात झऱ्यांनी पुन्हा ओढ्यात येतं आणि नदी थोडी जास्त दिवस वाहते. तळ्यात अडवून पिकाला दिलेलं पाणी मात्र खाली येत नाही. म्हणून एका गावाचं काम चांगलं झालं म्हणजे खोऱ्याचं भलं झालं असं होत नाही. गंभीरचं किती पाणी वर वापरायचं आणि किती खाली सोडायचं हे महू, देपालपूर, सांवेर आणि उज्जैन यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. अशी बैठक जिल्ह्यांच्या हद्दीवर अडते.

उलट दिशेचा त्रास सांवेरच्या गावांना आहे. त्यांच्यापर्यंत येणाऱ्या कान्हमध्ये बारमाही पाणी आहे, पण ते शहराचं सांडपाणी. अनेक शेतकरी तेच पंपाने उचलतात, कारण दुसरं नाही. पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला इंदूरचा नगररचना अहवाल १९१८चा, त्यातही नद्या स्वच्छ राखण्याला मोठी जागा आहे. २०१६च्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी पाइपाने उज्जैनला वळसा घालून पुढे सोडलं गेलं, आता २०२८साठी त्याहून मोठ्या बंद नलिकेचं काम चाललंय. यात घाट स्वच्छ दिसतील. पाणी जिथे पुन्हा बाहेर पडेल तिथेही गावं आहेत.

दुसरी एक योजना मला तत्त्वतः जास्त पटते. सेवरखेडी-सिलारखेडी. यात पावसाळ्यातलं क्षिप्रेचंच जास्तीचं पाणी सिलारखेडीच्या जलाशयात साठवून उन्हाळ्यात पुन्हा क्षिप्रेत सोडायचं आहे. निदान नदीचं पाणी नदीलाच.

नर्मदा आहे ना!

गावागावांत हे उत्तर ऐकायला मिळतं. इंदूर शहराला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, चारशे मीटरहून अधिक चढ चढून. त्याच्या वीजबिलाचा भार इतका की महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी उभे केले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प बसवण्यासाठी. शेतीसाठीही नर्मदा-माळवा-गंभीर जोड योजना आहे, ५० हजार हेक्टरसाठी. पाइप शिवारात आला की तळ्याची, चराची, नियमाची चर्चा थांबते.

नर्मदेचं पाणी अमर्याद नाही. १९७९च्या लवादाने मध्य प्रदेशाला १८.२५ दशलक्ष एकर-फूट दिलं, महाराष्ट्राला ०.२५. आणि नर्मदेलाही स्वतःचं पाणलोट आहे, तिला हिमालयाचा बर्फ नाही. सातपुडा आणि विंध्य यांच्या ओढ्यांत जे येईल तेच तिच्यात. तिच्या काठची जंगलं विरळ झाली तर उन्हाळ्यात तिचाही प्रवाह आटेल, आणि पठारावरची बोअर तोवर कोरडी झालेली असेल.

गावात सुरुवात कशी करायची

पावसाळ्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर, चार-पाच जणांनी ओढ्याच्या कडेने वर चालत जावं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा मिळाला तर उत्तम, नाही तर पटवाऱ्याकडचा गावनकाशा चालेल. पाणी कुठून येतं, गढूळ कुठे होतं, कुठल्या शेताचा बांध फुटलाय, हे नकाशावर मांडावं. गढूळ पाणी जिथून सुरू होतं तिथे पहिलं काम. नेहमी वाटतं त्याच्या बरंच वर ते निघतं, कधी कधी शेजारच्या गावात. मग त्या गावाला सोबत घ्यावं लागतं.

शाळेच्या छपरावर पर्जन्यमापक बसवावा. खर्च फार नाही, पण आकडा रोज लिहिणारं माणूस हवं. मोठी मुलं हे काम चोख करतात.

विहिरी मोजा. गावातल्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या दहा-बारा उथळ विहिरी निवडायच्या, काठावर रंगाने खूण करायची आणि त्याच खुणेपासून दोरीला वजन बांधून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. मोजण्याआधी रात्रभर पंप बंद हवेत, नाही तर आकडा फसवतो. वर्षातून दोनदा पुरे, मे आणि नोव्हेंबरमध्ये. आकडे पंचायतीच्या भिंतीवर लिहावेत, वहीत नको. वही कुणीतरी घरी नेतं.

कामांसाठी पैसा रोजगार हमीतून, पंतप्रधान कृषी सिंचाई योजनेच्या पाणलोट घटकातून किंवा राज्याच्या जल गंगा संवर्धन अभियानासारख्या मोहिमेतून येऊ शकतो. अभियान २०२५ मध्ये ३० मार्चला, गुढीपाडव्याला क्षिप्रेच्या काठावरूनच सुरू झालं. खेत तालाब आणि विहीर पुनर्भरण ही कामं त्यात आहेत. ग्रामसभेच्या ठरावात कामाचं नाव नुसतं 'तालाब' असं न लिहिता जागा, खसरा क्रमांक आणि वरच्या उताराची कामं आधी, असा क्रम लिहून घ्या. पुनर्भरणाचं पाणी थेट विहिरीत सोडू नका. आधी वाळू-खडीच्या गाळणीतून येऊ द्या, आणि ज्या शेतात खत-औषधं भरपूर पडतात त्याचं पाणी विहिरीकडे वळवूच नका.

नोव्हेंबरचं माप शक्यतो दिवाळीच्या आसपास घ्या, गव्हाचं बियाणं आणायच्या आत. गेल्या वर्षीच्या खुणेपेक्षा पाणी चार हात खाली असेल तर त्या आठवड्यातच ग्रामसभा बोलवायची, कारण हरभऱ्याकडे वळायला तेवढेच दिवस हातात असतात.